दोन जुन्या सायकलींची एक रिकंबंट: हेड ट्यूबचा कोन आणि चेनचा मार्ग

अर्धवट_सांगाडा:

शॉर्ट व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर कमी) रिकंबंट, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून चालवायची सायकल, करायला घेतली आहे, पुढचं चाक छोटं आणि मागचं मोठं. हाताशी असलेलं सामान असं: स्टीलची जुनी २६ इंची माउंटन बाइक (रिमचा व्यास ५५९ मिमी, मागच्या हबची रुंदी १३५ मिमी, ११-३२ दात्यांची ८ गिअरची कॅसेट म्हणजे मागची दातेरी चक्रं, पुढे २२-३२-४४ च्या चेनरिंग), लहान मुलांची एक २० इंची सायकल (रिम ४०६), ४० बाय ४० चा १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप ३ मीटर आणि ०.८ मिमी वायरचा मिग वेल्डर.

बेत असा होता की २६ इंचीची फ्रेम न कापता तिच्यात २० इंचीचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) घालायचा, हेड ट्यूबच्या (चिमट्याची दांडी जिच्यात फिरते ती नळी) पुढे बूम (पुढे काढलेला दांडा) वेल्ड करून त्याच्या टोकाला बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा अक्ष आणि बेअरिंग) द्यायचा आणि सीट वरच्या नळीवर बसवायची. चिमटा घालून फ्रेम चाकांवर उभी केली, तर हेड ट्यूबचा जमिनीशी कोन ७१ वरून ८० अंशांवर गेलेला. चिमट्याचा ऑफसेट, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षापासून एक्सल जितका पुढे, ३५ मिमी आहे. त्यावरून ट्रेल (स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथून टायर टेकण्याची जागा किती मागे) काढला तर जेमतेम ७ मिमी येतो. एवढ्यावर भागेल, की हेड ट्यूब कापून पुन्हा जोडावी लागेल?

दुसरी अडचण चेनची. पुढच्या चेनरिंगपासून कॅसेटपर्यंत दोरी ताणली तर ती सीट ट्यूबमधून आणि पुढच्या टायरला घासून जाते. किती पुल्या लागतील? जुन्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) दोन छोट्या पुल्या पडून आहेत, त्या चालतील का? आणि बूमला ४० बाय ४० पुरेल का?

त्रिज्या:

७ मिमी ट्रेलवर हँडल सरळ राहतच नाही, सतत दुरुस्त करत बसावं लागतं. या प्रकारच्या सायकलीला ४० ते ६० मिमी हवा. कोन का बदलला ते उघड आहे: चिमटा आखूड आणि चाक लहान मिळून पुढची बाजू साधारण साडेसोळा सेंटिमीटर खाली आली, आणि १०५ सेमीच्या व्हीलबेसवर त्याचे ९ अंश होतात.

हिशोब पुन्हा मांडतो म्हणजे तुम्हाला कोन निवडता येईल. चाकाची त्रिज्या गुणिले कोनाची कोसाइन, त्यातून ऑफसेट वजा, उरलेल्याला कोनाच्या साइनने भागायचं. ४० मिमीच्या टायरसह ४०६ चाकाची त्रिज्या २४३ मिमी धरा. ७२ अंशांना ट्रेल ४२ मिमी येतो, ६८ ला ६०, ६५ ला ७५. म्हणजे ७० ते ७२ च्या मध्ये कुठेही चालेल.

पण हेड ट्यूब कापून त्याच फ्रेमला जोडण्यात अर्थ नाही. वरच्या नळीवर सीट ठेवली तर बूड जमिनीपासून पाऊण मीटरवर जातं आणि पाय पुढे पसरलेले असल्याने ते टेकत नाहीत. पुढचा त्रिकोण काढूनच टाका. मागचा त्रिकोण जुन्या बॉटम ब्रॅकेट शेलसकट (ते ज्यात बसतं ती आडवी नळी) आणि सीट ट्यूबच्या १५ सेमी तुकड्यासकट ठेवा. शेल काढलं की मागचे दोन्ही दांडे सुटे होतात आणि चाक पुन्हा सरळ बसवणं जिकिरीचं होतं. या तुकड्यापासून पुढे एकच कणा, त्याच्या पुढच्या अंगाला हेड ट्यूब, मग बूम.

सुरुवातीला धरायची मापं: व्हीलबेस १०५ सेमी, सीटचा सर्वांत खालचा बिंदू ५२ ते ५५ सेमी, बॉटम ब्रॅकेट ६६ ते ७० सेमी उंचीवर आणि पुढच्या एक्सलच्या साधारण २८ सेमी पुढे, सीटची पाठ जमिनीशी ४० ते ४५ अंश. पाठ याहून आडवी केली तर वारा कमी लागतो, पण मान आधाराशिवाय अवघडते आणि पहिल्याच सायकलीवर तोल शिकणं कठीण जातं.

पायाचं माप घ्यायला भिंतीला पाठ आणि बूड टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ करा, भिंतीपासून टाचेच्या तळापर्यंत मोजा. त्यातून क्रँकची लांबी वजा केली की सीटच्या कोपऱ्यापासून बॉटम ब्रॅकेटपर्यंतचं अंतर मिळतं. टाच पायडलवर ठेवल्यावर गुडघा जेमतेम सरळ होतो, आणि चवडा ठेवल्यावर हवा तेवढा वाकतो.

आता करवत बाजूला ठेवा आणि खडू घ्या. भिंतीवर पूर्ण मापाचं चित्र काढा. ४९ सेमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापून पुढच्या एक्सलच्या जागी टाचणीने लावा. पायडलचा फेरा काढा आणि बुटाच्या आकाराचा पुठ्ठा त्या फेऱ्यावर फिरवा. टाच चाकाच्या वर्तुळात शिरते हे लगेच दिसेल. सरळ जाताना ती चाकाच्या बाजूने निघून जाते, वळताना मात्र चाकाची पुढची कड टाचेवर येते. हे या प्रकारात पूर्ण टळत नाही, कमी करता येतं. १७० ऐवजी १५५ ची क्रँक घेतली तर फेरा सगळीकडून दीड सेमी आत येतो. बूम अजून पुढे नेला तरी टाच सुटते, पण वजन पुढे सरकतं.

वजनाची चाचणी वेल्डिंगच्या आधीच होते. जाड फळी १०५ सेमी अंतरावरच्या दोन आडव्या पाइपांवर ठेवा, पुढच्या पाइपाखाली वजनकाटा आणि मागच्याखाली तेवढ्याच जाडीचा ठोकळा. फळीवर सीटच्या कोनात टेकून बसा, पाय बॉटम ब्रॅकेटच्या उंचीला. पायाखालचा आधार फळीलाच बांधलेला हवा. जमिनीवरच्या स्टुलावर पाय ठेवलेत तर आकडा खोटा येतो. रिकाम्या फळीचा आकडा वजा करून पुढच्या चाकावर ४५ ते ५२ टक्के आले तर उत्तम. ६० च्या वर गेलं की जोरात पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचं चाक उचललं जातं. गुरुत्वमध्य ७० सेमी उंचीवर धरला तर ५० टक्क्यांना ०.७५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) मंदनापर्यंत मागचं चाक जमिनीवर राहतं, ६० टक्क्यांना ०.६ पर्यंतच.

तेलकट_हात:

चेनचं मी सांगतो. डिरेलरच्या त्या पुल्या परतीच्या बाजूला बिनधास्त लावा. वरच्या, ओढीच्या बाजूला अजिबात नको.

कारण आकड्यातच आहे. १७० च्या क्रँकवर ७०० न्यूटन दिले आणि ४४ दात्यांची चेनरिंग असेल (त्रिज्या ८९ मिमी), तर चेनमध्ये १३०० न्यूटनच्या वर ओढ येते. पुलीवर चेन २० अंशांनी वळली तर पुलीच्या बोल्टवर साधारण ४६० न्यूटन. छोट्या चेनरिंगवर ही ओढ दुप्पट होते. शिवाय साध्या सायकलीवर उभं राहून, हँडल ओढलं नाही तर, फार तर स्वतःच्या वजनाइतका जोर लागतो. इथे पाठ सीटला टेकवून पाय रेटतात, म्हणून तो वजनाच्याही पुढे जातो. डिरेलरची पुली ११ दात्यांची, प्लास्टिकची, बुशवर फिरणारी. ती आधी कुरकुरते, मग दाते सोलते.

ओढीच्या पुलीसाठी दोन पर्याय. एक, १५ किंवा जास्त दात्यांचा स्टीलचा स्प्रॉकेट, बेअरिंगवर बसवलेला. टिकतो, पण आवाज करतो, आणि गिअर बदलताना चेन आडवी सरकते म्हणून त्याला दांड्यावर थोडं सरकू द्यावं लागतं. दुसरा, ७० मिमीच्या आसपासचं स्केटबोर्डचं पॉलियुरेथेन चाक, ज्यात ६०८ बेअरिंगची जोडी आधीच बसते (८ मिमी भोक, २२ मिमी बाहेरचा व्यास). लेथवर त्याला ५ ते ६ मिमी खोल सपाट तळाची खाच काढा. खाच चेनच्या रुंदीपेक्षा २ मिमी रुंद, कडा किंचित बाहेर उतरत्या. मला हाच बरा वाटतो: शांत चालतो आणि झिजला तर पुन्हा तासता येतो. खाच इंग्रजी व्ही आकाराची केलीत तर चेनच्या बाहेरच्या पट्ट्या दोन्ही उतारांत पाचरीसारख्या अडकतात.

बहुतेकांची फजिती बोल्टवर होते. एका बाजूने धरलेल्या ८ मिमीच्या बोल्टवर पुली फ्रेमपासून ४ सेमी लांब लटकवली की ८.८ दर्जाचा बोल्टही वरच्याच ओढीला वाकतो. पुली तिरकी होते, चेन बाहेरच्या कडेवर चढते आणि पायावर पूर्ण जोर असताना उतरते. बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार द्या, ३ मिमी पत्र्याचा इंग्रजी यू आकाराचा कंस पुरतो. कंसाच्या आत चेनच्या वर ३ मिमी अंतर ठेवून एक आडवी पिन घाला म्हणजे खड्ड्यात चेन उडाली तरी खाचेतच परत बसते.

जागा: सीटखाली, जुन्या शेलच्या जरा पुढे. चेन जितकी कमी वळेल तितकं नुकसान कमी, म्हणून ओढीची बाजू आधी दोरीने ठरवा आणि सीट, कणा तिच्याभोवती बसवा. उलटं केलं की तीन पुल्या लागतात आणि प्रत्येक पुली पायातली थोडी ताकद खाते. परतीची बाजू कितीही वाकडी गेली तरी चालते, तिथे ओढ फक्त डिरेलरच्या स्प्रिंगची.

टायरला घासण्याचं म्हणाल तर चाक सरळ ठेवून पाहू नका. डावीकडे वळताना चाकाची मागची कड उजवीकडे येते आणि चेन उजव्याच बाजूला असते. हँडल डावीकडे २० अंश वळवून तेव्हा टायर आणि चेनमध्ये १५ मिमी मोकळे राहतात का बघा. नसतील तर परतीची चेन पॉलिथिनच्या नळीतून न्या, आतला व्यास ११ ते १२ मिमी. नळीची दोन्ही तोंडं गरम हवेने मऊ करून कर्ण्यासारखी उघडा, नाहीतर कड चेनच्या कडीत अडकते आणि आतून प्लास्टिकचे भुरे निघायला लागतात. नळी एका टोकालाच बांधा, दुसरं टोक मोकळं डुलू द्या.

लांबी: वरच्या मापांवर २६० ते २७० कड्या होतात. ११६ कड्यांच्या तीन चेन आणा, तिसरीतल्या तीस-पस्तीस लागतील, उरलेल्या जपून ठेवा. तिन्ही एकाच प्रकारच्या घ्या. बूम सरकता ठेवणार असाल तर लक्षात घ्या, बूम अर्धा इंच पुढे गेला की चेन एक इंचाने, म्हणजे दोन कड्यांनी वाढवावी लागते.

लांबपल्ला:

त्रिज्या यांच्या हिशोबात चूक नाही, पण पहिलीच रिकंबंट असेल तर लाँग व्हीलबेस का नको? बॉटम ब्रॅकेट पुढच्या चाकाच्या मागे येतो, टाच चाकाला लागण्याचा प्रश्नच मिटतो. बॉटम ब्रॅकेट सीटपेक्षा खाली ठेवता येतो, त्यामुळे थांबताना पाय पटकन जमिनीवर येतात. १६० सेमी व्हीलबेसवर पुढे पालथं होण्याची भीतीही नाही.

त्रिज्या:

मान्य, पण त्याची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. पुढच्या चाकावर ३० ते ३५ टक्केच वजन राहतं, खडी किंवा ओल्या रस्त्यावर वळताना चाक घसरतं. हेड ट्यूब ६० अंशांपर्यंत झुकवतात, तिथे ५० मिमी ऑफसेट घेऊनही ट्रेल ८३ मिमी होतो. ट्रेलला साइन आणि कोसाइनने गुणून हँडल स्वतःहून एका बाजूला किती पडतं ते काढलं तर ७२ अंशांना १२ मिमी येतात आणि इथे ३६. हळू चालवताना हँडल हाताला ओढतं ते यामुळे. शिवाय हँडल एक तर लांबच लांब दांड्यावर येतं, नाहीतर टाय रॉडने, म्हणजे जोडदांड्याने, चिमट्याला जोडावं लागतं.

लांबपल्ला:

टाय रॉडला घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही टोकांना एम८ चे रॉड एंड (फिरत्या सांध्याची टोकं), एक उलट्या आट्यांचा आणि एक सुलट्या, म्हणजे रॉड फिरवून हँडल सरळ करता येतं. रॉड ज्यांना जोडतो ते दोन्हीकडचे हात सारख्या लांबीचे ठेवायचे. ज्याला भरधाव नको, लांब आणि आरामात जायचं आहे, त्याने हाच प्रकार करावा. पण तुमच्याकडे ३ मीटर पाइप आणि दोन सायकलीच आहेत, तेव्हा आहे त्या बेतावर राहा. मात्र हँडलचा दांडा स्टीअरिंगच्या अक्षापासून २५ सेमीपेक्षा मागे आणू नका. त्यापुढे हात वळण्याऐवजी आडवे झुलायला लागतात आणि वळताना हँडल मांडीला लागतं.

अर्धवट_सांगाडा:

चित्र पुन्हा काढलं. पायाचं माप १०४ सेमी, क्रँक १५५, व्हीलबेस १०६, कोन ७२. फळीची चाचणी केली: वजन ७१ किलो, काट्यावर फळी वजा जाता ३७, म्हणजे ५२ टक्के. टाच वळताना साधारण १५ अंशांपासून लागते.

आता पाइपचं सांगा. ४० बाय ४० वापरू की दुसरा आणू? आणि पुढचं बॉटम ब्रॅकेट शेल मुलांच्या सायकलीतून कापून घेऊ का?

कानस_करवत:

शेलचं आधी. मुलांच्या सायकलीची क्रँक दोन्ही हातांसकट एकसंध वाकवलेली असेल तर तिच्या शेलला आटे नसतात, आत ५१ मिमीचं मोकळं भोक असतं. ते आपल्या कामाचं नाही. ६८ मिमी रुंदीचं आट्यांचं नवं शेल आणा, किंवा तिसऱ्या मोडक्या फ्रेममधून कापा. ते लावताना दिशा तपासा: उजवीकडच्या, चेनरिंगच्या बाजूला उलटे आटे. शेल बाहेरून दोन्हीकडून सारखंच दिसतं आणि उलटं जोडलं गेलं तर कप चालवता चालवता सैल होत जातात. जोडण्याआधी दोन्ही बाजूंना जुने कप हाताने फिरवून बघा आणि वेल्डिंगभर ते आतच ठेवा. आटे वाचतात आणि शेल अंडाकृती होत नाही. गार झाल्यावर कप निघत नसतील तर जोर करू नका, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या.

पाइप. कण्याला ४० बाय ४० बाय १.६ सरळ असता तर चालला असता, पण सीटखाली तुम्हाला तो कापून कोनात जोडावा लागणार आणि सगळ्यात जास्त वाकवणारा भार नेमका तिथेच येतो. ५० बाय ५० बाय १.६ आणा. मीटरमागे वजन १.९ वरून २.४ किलोवर जातं आणि त्याच भाराला ताण सुमारे ३८ टक्क्यांनी उतरतो. इतका फायदा अर्ध्या किलोत दुसरीकडे मिळत नाही. कोनाच्या जोडाला खालून आणि दोन्ही बाजूंनी २ मिमी पत्र्याच्या पट्ट्या लावा, टोकं निमुळती करून. पट्टीचं टोक पाइपला काटकोनात संपलं तर तडा तिथूनच सुरू होतो.

बूमला गोल पाइप घ्या, ५० मिमी व्यास, १.६ जाडी. तुमच्या ४० च्या चौकोनीइतकंच वजन, पण वाकण्याला सुमारे अठरा टक्के आणि पिळाला दीडपटीहून जास्त कडक. पाय रेटला की बूमचं टोक बाजूला जातं आणि चेनरिंग पुढच्या डिरेलरला घासते, तो आवाज म्हणजे बूम बारीक असल्याची खूण. जुनी सीट पोस्ट बूम म्हणून वापरतात तेव्हा हमखास हे होतं. ४० बाय ४० वाया जात नाही, सीटच्या आधारांना आणि वेल्डिंगच्या साच्याला लागेल.

सरकत्या बूमच्या भानगडीत पडू नका. एकाच माणसाची सायकल आहे, मापं फळीवर निघाली आहेत. बूम पक्का करा आणि सीट ६ सेमी पुढेमागे सरकेल अशी भोकं ठेवा. चेनची लांबी कायम राहते.

कापताना: गोल बूम हेड ट्यूबला जिथे भिडतो तिथे माशाच्या तोंडासारखा कापावा लागतो. कागदाची पट्टी पाइपला गुंडाळून रेघ उमटवा, करवतीने जवळपास कापा, बाकी अर्धगोल कानसीने. प्रकाशासमोर धरल्यावर फट दिसली नाही पाहिजे. १ मिमीच्या वर फट असेल तर वायर ती भरत बसते, पाइप जळतो आणि गार होताना जोड त्या बाजूला ओढला जातो.

जुनी माउंटन बाइक लग (नळ्या ज्यात घुसवतात त्या बाह्या) असलेली, पितळेने जोडलेली असेल तर त्या जोडांवर मिग फिरवू नका. पितळ वितळून वेल्डमध्ये शिरतं, जोड सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. कानस मारल्यावर पिवळी रेघ दिसते का ते बघा. दिसली तर जोडापासून ३ सेमी दूर, कोऱ्या पोलादावर वेल्ड घ्या. जस्त चढवलेला पाइप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेमी जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा. तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

बंद होणाऱ्या प्रत्येक पाइपला खालच्या बाजूने ३ मिमीचं भोक. नाहीतर आतली तापलेली हवा वेल्डच्या शेवटच्या ठिपक्यातून फुटून बाहेर येते आणि तिथे टाचणीएवढं छिद्र राहतं. त्यातूनच पुढे पाणी आत जातं.

आता सरळपणा. आधी सगळीकडे फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके), प्रत्येक जोडाला चार, समोरासमोर. मग हेड ट्यूबमधून मीटरभर लांब सरळ पाइप घाला. १२ सेमीच्या हेड ट्यूबमध्ये १ मिमीचा तिरपेपणा डोळ्याला दिसत नाही, या पाइपच्या टोकाला तो ८ मिमी होतो. मागचं चाक बसवून हा पाइप आणि चाकाचा आरा एका रेषेत येतात का ते मागून एक डोळा मिटून बघा. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी दोऱ्या हेड ट्यूबपर्यंत ताणा, दोन्हीकडचं अंतर सारखं हवं. पुढच्या शेलमधून सरळ सळई घालून तिच्या दोन्ही टोकांपासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत मोजा, फरक २ मिमीच्या आत. हे जुळल्यावरच पूर्ण वेल्ड, दोन-तीन सेमीचा तुकडा इकडे, पुढचा समोरच्या बाजूला. पाणी ओतून गार करू नका.

आणि एक जोड वाया घालवा. त्याच पाइपच्या दोन तुकडे जोडून जोड करवतीने आडवा कापा. कापलेल्या तोंडावर वेल्ड आणि पाइप यांच्यामध्ये काळी रेघ दिसली तर वायर नुसती वर बसली आहे, आत शिरलेली नाही.

तेलकट_हात:

एक राहिलं. मुलांच्या सायकलीचा चिमटा वापरू नका. तो तीस-चाळीस किलोच्या मुलासाठी असतो, त्याचे दोन पाय पातळ पत्र्याचे आणि वर जुळतात तिथे, मुकुटाशी, नुसते दाबून वेल्ड केलेले. इथे त्याच्यावर मोठ्या माणसाचं निम्मं वजन, वर ब्रेकचा भार. स्टीलचा २० इंची बीएमएक्स चिमटा घ्या, शक्यतो ब्रेकचे बॉस (ब्रेक बसवायचे खुंट) असलेला. एक्सलची खाच १० मिमीची की १४ ची ते बघा, १४ असेल तर तुमचं चाक बसायला वॉशर-बुश लागतील. ऑफसेट मोजून कोन पुन्हा तपासा. ३२ मिमी आला तर ७२ अंशांना ट्रेल ४५ होतो, तरीही ठीक.

अर्धवट_सांगाडा:

बीएमएक्स चिमटा मिळेल. डिस्क ब्रेकचा कान (ब्रेक बसवायची पट्टी) त्यालाच वेल्ड करता येईल का? आणि मागच्या गिअरची केबल पोचेल?

कानस_करवत:

नको. डिस्कचा सगळा जोर डाव्या पायाच्या खालच्या टोकाला येतो आणि तो पाय त्यासाठी केलेला नसतो. व्ही ब्रेक लावा आणि लिव्हर व्ही ब्रेकच्याच घ्या. कॅलिपरच्या लिव्हर कमी केबल ओढतात, ब्रेक हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी पॅड अर्धवटच बसतात.

तेलकट_हात:

नेहमीची गिअर केबल २ मीटरच्या आसपास असते, तुमच्या मापांना काठावर पडेल. टँडमसाठीची (दोघांनी चालवायच्या सायकलीची) लांब केबल मागवा. बाहेरची केसिंग गिअरचीच घ्या, ब्रेकची गुंडाळीची केसिंग दबते आणि इतक्या लांबीवर दोन गिअर एकदम उडी मारतात. कण्यावर जिथे सरळ आहे तिथे केसिंग तोडून केबल उघडी न्या.

पाठीच्या आधाराचे बोल्ट ८ मिमीचे, मोठ्या वॉशरसह. सीटला ३ मिमी प्लायवूडचे तीन थर साच्यावर डिंकाने चिकटवून वाकवलेत तरी पुरे, पण पायाचा सगळा जोर त्याच पाठीवर येतो. ती १ सेमी मागे लवचली तर तेवढा रेटा चेनपर्यंत पोचतच नाही.

त्रिज्या:

रंग देण्याआधी चालवा. पहिल्यांदा ३२ ची चेनरिंग आणि मागचा मधला गिअर. एक पायडल वरच्या बाजूला, आपल्याकडे किंचित झुकलेलं, पाठ सीटला घट्ट टेकलेली, खांदे सैल. हँडल आवळून धरलं की सायकल नागमोडी जाते. मंद वळणावर आतल्या बाजूचा पाय पुढे सरळ ठेवून पायडल थांबवा, टाच सुटते. थांबायच्या आधीच हलका गिअर टाका, उभं राहून जोर लावायची सोय इथे नाही आणि जड गिअरवर निघताना गुडघा बोलतो.

पहिल्या ५० किमीनंतर आणि पुन्हा २०० नंतर हेड ट्यूबच्या खालचा जोड, सीटखालचा कोन आणि शेलचा जोड कापडाने पुसून तिरप्या उजेडात बघा. वेल्डच्या कडेला केसासारखी गंजाची रेघ दिसली तर तो तडा आहे. त्यावरून नवा वेल्ड फिरवू नका, आधी तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, तडा ग्राइंडरने पूर्ण उघडा आणि मग भरा.